साक्षीदार पाहिजे

ऑगस्ट २०२३ मधली गोष्ट. शुक्रवारची संध्याकाळ, क्लायंटचा कॉल नुकताच संपलेला, आणि ताईचा फोन. ताई म्हणजे माझी मामेबहीण, पुण्यात कॉलेजात इतिहास शिकवते.

"जानेवारीत मुलांना घेऊन मराठवाड्यात येतेय. अंबाजोगाईला मुक्काम. मुक्तिसंग्रामाचं पंच्याहत्तरावं वर्ष आहे ना? तू तिकडचाच, तर मला एक माणूस शोधून दे."

"कसला माणूस?"

"ज्यानं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय असा. पुस्तक वाचलेला नको, पुस्तकं आम्हीही वाचतो."

मी हो म्हणून टाकलं. अंबाजोगाई माझं गाव. दहावीपर्यंत तिथंच होतो, काका अजून तिथं राहतात, दिवाळीला जाणं होतं. एक म्हातारा माणूस शोधायला असे कितीसे कष्ट पडणार? दोन फोन करू, झालं काम. (माझे सगळे एस्टिमेट्स असेच चुकतात, हे माझा मॅनेजर आनंदानं सांगेल.)

पुण्या-मुंबईच्या मित्रांना हे दर वेळी पहिल्यापासून सांगावं लागतं, म्हणून थोडक्यात सांगतो. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, पण बीड झालं नाही. औरंगाबाद, परभणी, नांदेड, उस्मानाबाद आणि बीड हे पाच मराठी जिल्हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. त्या दिवशी आमच्याकडे तिरंगा लावणारा माणूस तुरुंगात जायचा. पुढचे तेरा महिने म्हणजे कासिम रझवीच्या रझाकारांचा काळ. आमच्याकडची जुनी माणसं त्या काळाला नुसतं 'रझाकारी' म्हणतात. 'रझाकारीत आमचं घर गेलं', 'रझाकारीत आजोबा बार्शीला होते'. जणू दुष्काळासारखा एक ऋतूच. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज आत शिरली आणि १७ तारखेला निजाम शरण आला. सरकारी नाव 'ऑपरेशन पोलो', पण आमच्याकडे ते कुणालाच माहीत नाही. आमच्याकडे ती 'पोलीस ॲक्शन', किंवा नुसती 'ॲक्शन'.

अंबाजोगाईचं तेव्हाचं नाव मोमिनाबाद. स्वामी रामानंद तीर्थ इथल्या योगेश्वरी शाळेत १९३५ ते १९३८ मुख्याध्यापक होते. इथूनच ते शाळा सोडून हैदराबादच्या सत्याग्रहात गेले आणि पुढे सगळ्या लढ्याचे नेते झाले. आमच्या मेडिकल कॉलेजला त्यांचंच नाव आहे. तेव्हा ताईनं मुक्कामाला अंबाजोगाई निवडली ती काही उगीच नाही.

असो. शोध सुरू केला.

इंजिनिअर माणूस, तेव्हा पहिला विचार डेटाबेसचा. स्वातंत्र्यसैनिकांची सरकारी यादी असणारच! असते. पण एक तर यादीतली बहुतेक माणसं आता नाहीत. १९४८ साली वीस वर्षांचा असलेला माणूस २०२३ मध्ये पंच्याण्णव वर्षांचा. दुसरी अडचण जास्त अवघड, आणि ती खास आमच्या जिल्ह्याची.

स्वातंत्र्यसैनिकांची केंद्राची पेन्शन १९७२ ला सुरू झाली. तुरुंगात राहिला असाल तर जेलचा दाखला दाखवायचा. भूमिगत असाल तर कागद कुठून आणणार? मग तुमच्याबरोबर काम केलेल्या मान्यवर स्वातंत्र्यसैनिकानं लिहून द्यायचं की हो, हा आमच्यासोबत होता. हेतू चांगला होता. सरहद्दीवरच्या कॅम्पात राहून लढलेल्यांकडे खरंच कसला कागद असणार होता? पण व्हायचं तेच झालं. दाखले देणारे आणि घेणारे दोन्ही वाढले. बीड जिल्ह्यातल्या तीनशेहून अधिक संशयित स्वातंत्र्यसैनिकांचं प्रकरण हायकोर्ट करत करत सुप्रीम कोर्टात पोचलं, २००५ साली त्यावर निकाल आला, आणि निवृत्त न्यायमूर्ती पालकरांना चौकशीला बसवावं लागलं. आमच्या गावात तेव्हा विनोद चालायचा की अमक्यानं पाळण्यातूनच सत्याग्रह केला.

हसायला येतं, पण खऱ्या लोकांचं काय झालं बघा. ज्यांनी खरोखर करोडगिरीचे नाके जाळले, शिंदीची झाडं तोडून निजामाचा महसूल बुडवला, मार खाल्ला, त्यांच्या नावापुढेही लोक मनातल्या मनात प्रश्नचिन्ह लावायला लागले. आणि ज्यांना ही सगळी भानगड नको वाटली त्यांनी अर्जच केला नाही. म्हणजे माझ्या डेटाबेसमध्ये खोट्या नोंदीही होत्या आणि खऱ्या गाळलेल्याही होत्या. असा डेटा असेल तर आपण काय करतो? टेबल बाजूला ठेवतो आणि माणसांना फोन करतो.

काकांनी एक नाव सुचवलं. आपण त्यांना 'पहिले आजोबा' म्हणू. वय ब्याऐंशी, आवाज खणखणीत. फोनवरच चाळीस मिनिटं बोलले. रझाकारांचे घोडे, स्वामीजींचं शाळेच्या पटांगणातलं भाषण ("मी पहिल्या रांगेत होतो!"), अमावस्येच्या काळोख्या रात्री गावात शिरलेली भारतीय फौज... माझ्या अंगावर काटा आला. लगेच ताईला मेसेज टाकला, मिळाला माणूस.

तिचं उत्तर आलं, "ब्याऐंशी म्हणजे जन्म १९४१. स्वामीजींनी शाळा सोडली १९३८ ला."

हुश्श. एवढी साधी वजाबाकी मला सुचली नव्हती.

मग मला दुसरी गोष्ट खटकली, ती अमावस्येची. हे तपासता येतं! १ नोव्हेंबर १९४८ ला खग्रास सूर्यग्रहण होतं, म्हणजे अमावस्या. तिथून दोन चांद्रमहिने, म्हणजे सुमारे एकोणसाठ दिवस मागं जा. ३ सप्टेंबरला अमावस्या येते. मग गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला आणि अनंत चतुर्दशी १७ ला. म्हणजे फौज आत आली ती गणपतीच्या दिवसांत, चंद्र रोज वाढत असताना. निजाम शरण आला तो दिवस पौर्णिमेच्या आदला! अमावस्येची काळोखी रात्र त्या आठवड्यात असणंच शक्य नव्हतं.

पहिले आजोबा खोटं बोलत होते असं मला आजही वाटत नाही. सात वर्षांच्या मुलानं काहीतरी पाहिलेलं असतं. त्यावर मग दर १७ सप्टेंबरची भाषणं, शाळेतली नाटकं, वर्तमानपत्रातले लेख असे थर चढत जातात. पंचाहत्तर वर्षांनी मूळ काय आणि वरचं काय, ते त्या माणसालाही सांगता येत नाही. माझीच लहानपणीची एक आठवण आईच्या म्हणण्याप्रमाणे माझ्या भावाची आहे. आता बोला.

पण यातून एक गोष्ट शिकलो, ती म्हणजे प्रश्न कसा विचारायचा. '१७ सप्टेंबरला तुम्ही कुठं होता?' असं विचारलं की समोरून भाषण येतं. तारीख ही कॅलेंडरवाल्यांची गोष्ट. खेड्यातल्या लेकराला तारीख नव्हती, पीक होतं, सण होता, गाय व्याली होती. तेव्हा विचारायचं, रानात काय होतं? अंगावर काय होतं? रात्री दिसत होतं का? आपल्या यूजरला नाही का, 'एरर कुठला आला' असं विचारलं तर काही सांगता येत नाही, पण 'तेव्हा तुम्ही काय करत होता' विचारलं की बरोबर सापडतं. तसंच.

दिवाळीत गावी गेलो तेव्हा काकांच्या शेजारच्या आजींना हे प्रश्न विचारले. माहेर केज तालुक्यातलं. वय? "परकर नेसत होते बघ तवा." म्हणजे नऊ-दहा धरा. आजींनी सांगितलेलं असं. होळीनंतर, ज्वारी घरात आल्यावर, वडिलांनी एका रात्री बैलगाडी जुंपली आणि सगळे बार्शीकडे निघाले. बार्शी म्हणजे सोलापूर जिल्हा, इंग्रजांचा मुलूख, आणि आता स्वतंत्र भारत. मराठवाड्यातली हजारो कुटुंबं त्या काळात अशीच बार्शी, सोलापूर, पंढरपूर, नगर गाठत होती. हद्दीवर करोडगिरीचा नाका, म्हणजे निजामाचं कस्टम. तिथं गाडी उलटीपालटी करून पाहिली. आजींना नाक्यावरच्या माणसाचा चेहरा आठवत नाही, बंदूक आठवत नाही. आठवतं ते हे, की आईनं घागरीत ज्वारीच्या पिठाखाली पाटल्या लपवल्या होत्या आणि त्या माणसानं घागरीत हात घालून काढला, तर हात कोपरापर्यंत पांढरा. आई एवढ्या भीतीतही हसली. पाटल्या वाचल्या.

दिवाळीनंतर परत आले तेव्हा घराची दारं चौकटीसकट गेलेली होती.

"आणि ॲक्शनच्या वेळी आजी?"

"ॲक्शन मी न्हाई पाहिली. आम्ही बार्शीत. खोटं कशाला सांगू लेकरा?"

हे वाक्य ऐकून मला इतका आनंद झाला की काय सांगू. साक्षीदार खरा आहे हे 'मी पाहिलं' यावरून कळत नाही, 'हे मी पाहिलं नाही' असं तो कधी म्हणतो त्यावरून कळतं. आजी पक्क्या झाल्या. पण ताईला १९४८ चा सप्टेंबर हवा होता.

आजीच म्हणाल्या, "अरे, ॲक्शनचं ज्यानं तुझ्या चड्ड्या शिवल्या त्याला विचार की!"

टेलरचाचा! माझ्या शाळेच्या खाकी चड्ड्या पहिलीपासून सातवीपर्यंत ज्यांनी शिवल्या ते. दर जूनमध्ये त्यांच्या दुकानाच्या पायरीवर उभा राहून माप दिलंय मी. हा माणूस १९४८ ला कुठं होता, असा प्रश्न मला तीस वर्षांत एकदाही पडला नाही. माझ्या डोक्यातला 'साक्षीदार' गांधी टोपीतला होता, हे कबूल करायला हरकत नाही.

चाचा तेव्हा शहाऐंशी वर्षांचे. दुकान आता नातू बघतो. मी विषय काढला तर म्हणाले, "मी स्वातंत्र्यसैनिक नाही बेटा. माझ्याकडं कागद नाही."

"कागद नकोय चाचा. तुम्ही काय पाहिलं ते सांगा."

बराच वेळ काही बोलले नाहीत. मग नातवाला चहा आणायला पिटाळलं, आणि सांगायला लागले.

मोमिनाबादला निजामाचा रिसाला होता, घोडेस्वार पलटण. गोळकोंडा लान्सर्स. चाचांचे वडील त्या रिसाल्याचे कपडे शिवायचे. चाचा अकरा वर्षांचे. ॲक्शनची बातमी आली तेव्हा घरात खाकी कापडाचं एक थान आणि चार अर्धवट शिवलेले कोट होते. लान्सर्सनी नावापुरता प्रतिकार केला आणि शरण गेले, हे लष्करी इतिहासातही नोंदलेलं आहे. चाचांना त्यातलं गोळीबाराचं काही आठवत नाही. "दुपारी ढोल वाजल्यासारखं झालं, अम्मीनं दार लावलं. बस." आठवतं ते त्यानंतरचं. गावात ओरडा सुरू झाला, रझाकार शोधा. रझाकाराची खूण काय? खाकी कपडे. आणि यांच्या घरात खाकीचं थान.

वडिलांनी थान आणि कोट अंधार पडायच्या आत मागच्या विहिरीत टाकले. शेजारी एका मराठा कुटुंबाचा वाडा होता. त्या घरातली म्हातारी मागच्या दारानं आली आणि म्हणाली, पोरांना घेऊन चल. त्यांना ठेवलं बळदात. बळद म्हणजे जुन्या वाड्यात भिंतीच्या पोटात धान्य साठवायची अंधारी जागा, वर माळवदाला भोक ठेवतात, तिथून धान्य ओततात. तळाला गुडघाभर ज्वारी, त्यावर आई, चाचा आणि दोन बहिणी. वडील वर गोठ्यात, कडब्यामागं.

मी माझा प्रश्न विचारला. "रात्री दिसत होतं का काही?"

"दिसत होतं ना. वरच्या भोकातून चांदणं यायचं. रोज जास्त यायचं. अम्मी म्हणायची, अंधार असता तर बरं झालं असतं. आणि भिंतीपलीकडं गणपती होता त्यांचा. आरती ऐकू यायची, पण हळू. टाळ नाही, टाळ्या नाही. ज्या दिवशी आरती थांबली त्या दिवशी म्हातारीनं वरून आवाज दिला, निजाम संपला, आता या बाहेर."

मी गाडीत येऊन बसलो आणि पाच मिनिटं इंजिन चालू केलं नाही. वाढतं चांदणं. आरती थांबली तो दिवस अनंत चतुर्दशी, १७ सप्टेंबर. हे कुठल्याही भाषणात नसतं, कुणी चाचांना पढवलेलं नव्हतं, आणि माझ्या ग्रहणाच्या गणिताशी तंतोतंत जुळत होतं.

गोष्ट इथं संपली असती तर छानच होतं. शेजारधर्माची कथा, विद्यार्थ्यांना एकदम योग्य. पण चाचा पुढं एवढंच म्हणाले, "माझा मामू उदगीरला होता. तो आला नाही परत." आणि चहा आला.

उदगीर तेव्हा बिदर जिल्ह्यात होतं. मी पुण्याला आल्यावर सुंदरलाल समितीचा अहवाल शोधून वाचला. ॲक्शननंतर संस्थानात काय झालं ते पाहायला १९४८ च्या शेवटी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार वगैरे मंडळींना सरकारनं पाठवलं होतं. त्यांचा एकूण अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार मृत्यूंचा. सर्वांत वाईट अवस्था उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांची. औरंगाबाद, बीड, नलगोंडा, मेदक हे दुसऱ्या फळीत. मरणारे बहुतांश मुसलमान, आणि त्यांतले सगळे काही रझाकार नव्हते. अहवाल कित्येक दशकं कुलूपबंद राहिला. आकड्यांवर वाद आहेत, तो समितीचा अंदाजच आहे. पण अंदाज निम्मा केला तरी तो काही किरकोळ नाही. मी योगेश्वरीच्या गावात वाढलो, दर १७ सप्टेंबरला झेंडावंदन केलं, आणि यातलं एक अक्षर मला चाळिशीपर्यंत माहीत नव्हतं.

आणि रझाकारीही तितकीच खरी. आजींच्या घराची दारं चौकटीसकट कुणीतरी नेलीच होती. लुटलेली, जाळलेली गावं खोटी नाहीत. एकानं दुसरं पुसलं जात नाही, एवढंच मला कळतं.

ताईला सगळं कळवलं. पहिल्यांदाच ती गप्प झाली. सहलीच्या कागदावर 'मुक्तिसंग्राम' असं लिहिलेलं. पालक काय म्हणतील? कुणी याचा व्हिडिओ करून भलत्याच मथळ्याखाली फिरवला तर? चाचांचं दुकान भर पेठेत आहे. आपण सोमवारी पुण्यात ऑफिसात असू, चाचा तिथंच असतील. ही भीती मला खोटी वाटली नाही, आजही वाटत नाही. दोन दिवसांनी तिचा फोन आला. "आजी आणि चाचा दोघं. एकाच दिवशी, एकापाठोपाठ. एकालाच ऐकायचं असेल तर मग मी पुस्तकच वाचून दाखवते."

चाचांनी तीन अटी घातल्या. मोबाईल बाहेर. नाव कुठंही छापायचं नाही. आणि कुणी लुटलं, कुणी मारलं, त्यांची नावं विचारायची नाहीत. "त्यांची नातवंडं माझ्याच दुकानात शिवतात." म्हातारीच्या घराचं नाव सांगायला मात्र त्यांची हरकत नव्हती. मुलांना त्यांनी ते सांगितलंही. इथं मीच लिहीत नाही.

जानेवारी २०२४. बेचाळीस मुलं, एक बस. येताना बार्शीच्या पुढं ताईनं बस थांबवली आणि एवढंच सांगितलं, इथून पुढं परदेश होता. सकाळी योगेश्वरीचं देऊळ, मुकुंदराजांची समाधी, हत्तीखान्याची लेणी, स्वामीजींची शाळा. दुपारी काकांच्या ओसरीवर सतरंजी.

आजींनी पिठाच्या घागरीची गोष्ट सांगितली, मुलं खळखळून हसली. चौकटींची सांगितली, मुलं हसायची थांबली. मग चाचा. बळद म्हणजे काय हे कुणालाच कळेना, म्हणून काकांनी जुन्या घरातलं बळद उघडून दाखवलं. दोन मुली आत उतरल्या, अर्ध्या मिनिटात बाहेर आल्या. मामूचं चाचा सांगतील की नाही, मला शंका होती. सांगितलं, त्याच एका वाक्यात.

प्रश्न विचारा म्हटलं तर कुणी विचारेना. शेवटी मागच्या रांगेतल्या एका मुलानं हात वर केला. मला वाटलं, आता राजकारण येणार.

"काका, ते विहिरीतलं कापड शेवटी कुठं गेलं?"

चाचांचा चेहरा खुलला. पंचाहत्तर वर्षांत हे कुणी विचारलं नसावं.

"पुढच्या उन्हाळ्यात विहीर उपसली ना, तेव्हा निघालं. वरचं सगळं कुजलेलं. आतलं चार-पाच वार चांगलं होतं. अब्बांनी वाळवलं आणि पिशव्या शिवल्या. पहिली पिशवी त्या म्हातारीला दिली. कापड मजबूत होतं बेटा, सरकारी होतं."